तान्ह्या बाळाच्या मांडीतली गाठ आणि रिपोर्टातला 'सार्कोमा'

आजोबांनी लिहिलेला प्रश्न थोडक्यात असा. नात १९ दिवसांची आहे. जन्मतःच उजव्या मांडीच्या मागच्या बाजूला निळसर-लाल गाठ होती. तेव्हा ती ४ सेंटिमीटर होती, आता ७ आहे. पहिल्या डॉक्टरांनी 'रक्तवाहिन्यांची गाठ आहे, आपोआप जिरेल' असं सांगितलं. दुसऱ्यांनी जाड सुईने तुकडा काढला. रिपोर्ट आला : 'स्पिंडल सेल सार्कोमा, इन्फंटाइल फायब्रोसार्कोमा असण्याची शक्यता'. सर्जन म्हणाले की पाय काढावा लागेल. आजोबा विचारतात : हे खरं का? सुनेचं गरोदरपणात काही चुकलं का? सोनोग्राफीत आधी का नाही दिसलं? आणि हातात वेळ किती आहे?

आजोबा, आधी सुनेचा विषय मिटवतो, कारण घरात तो प्रश्न कुणी मोठ्याने विचारत नसलं तरी तिला ऐकू येत असणार. नाही, तिचं काहीही चुकलेलं नाही. खाणं, औषध, ग्रहण, पडणं, ताण, यांतल्या कशाचाही या गाठीशी संबंध नाही. गर्भात वाढणाऱ्या बाळाच्या एका पेशीत १२ आणि १५ क्रमांकाच्या गुणसूत्रांची टोकं तुटली आणि एकमेकांच्या जागी जाऊन चिकटली. त्या सांध्यावर दोन जनुकं जोडली गेली आणि पेशीला 'वाढ' असा हुकूम देणारं एक बटण कायमचं चालू राहिलं. हा बदल फक्त गाठीतल्या पेशींत असतो. बाळाच्या बाकी शरीरात नसतो, आईवडिलांत नसतो, पुढच्या भावंडात येत नाही. सोनोग्राफीचं म्हणाल तर पाचव्या महिन्यातल्या तपासणीच्या वेळी बहुतेकदा गाठ दिसण्याएवढी झालेलीच नसते, ती शेवटच्या तीन महिन्यांत वाढते. तेव्हा सोनोग्राफी करणाऱ्यालाही बोल लावू नका.

आता पायाचं. रिपोर्टात जे म्हटलंय ते खरं ठरलं, तर पाय काढणं ही आज पहिली पायरी नाही. बहुतेक बाळांत ती वेळच येत नाही. सर्जनवर माझा राग नाही. 'सार्कोमा', म्हणजे स्नायू, चरबी यांसारख्या मऊ भागांचा किंवा हाडाचा कर्करोग, हा शब्द वाचल्यावर मोठ्या माणसांवर उपचार करणाऱ्या कुणाही सर्जनचा हात आपसूक त्या दिशेला जातो. मोठ्या माणसाच्या मांडीतला, महिन्याभरात जवळजवळ दुप्पट झालेला सार्कोमा खरोखरच जीवघेणा असतो. गोची अशी की सूक्ष्मदर्शकाखाली तान्ह्या बाळाची ही गाठ अगदी तशीच दिसते. चात्यासारख्या लांबट पेशी, वेणीच्या पेडांसारख्या एकमेकींत गुंफलेल्या, आणि जिथे बघाल तिथे विभाजन चाललेलं. रूप वाघाचं, पण वागणं पुष्कळच निराळं. चुंग आणि एन्झिंगर या दोन पॅथॉलॉजिस्टनी, म्हणजे काढलेले तुकडे तपासून निदान करणाऱ्या डॉक्टरांनी, १९७६ मध्ये अशा ५३ बाळांचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि हे ठळकपणे मांडलं : गाठ झपाट्याने वाढते, काढली तर त्याच जागी परत येऊ शकते, पण फुप्फुसांत वा इतरत्र पसरण्याचं प्रमाण फार कमी. आज जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणातही हिची जागा पूर्ण घातक गाठींत नाही. 'मधल्या प्रतीची, क्वचित पसरणारी' अशा गटात ती येते. मला विचाराल तर हिचं नावच बदलायला हवं होतं. या एका शब्दापायी किती पाय गेले असतील, याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही.

पण म्हणून निवांत बसायचं असंही नाही. घाई हवीच, फक्त ती निदान पक्कं करण्याची. का, ते माझ्याच एका चुकीवरून सांगतो.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत माझ्यासमोर दहा दिवसांचं एक बाळ आलं होतं. पोटरीवर जांभळट, चकचकीत गाठ, वर फुगलेल्या शिरा, डॉपलरमध्ये, म्हणजे रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीत, भरपूर रक्तप्रवाह. मी हिमँजिओमा, म्हणजे रक्तवाहिन्यांची साधी गाठ, म्हणालो आणि प्रोप्रानोलॉल सुरू केलं. हे औषध मुळात हृदयासाठीचं. ते या गाठींवर काम करतं हे फ्रान्समधल्या बोर्दोच्या डॉक्टरांना योगायोगानेच कळलं आणि २००८ मध्ये त्यांनी ते जगाला सांगितलं. तेव्हापासून आम्हा सगळ्यांच्याच हाताला त्याची सवय लागली आहे. दोन आठवड्यांनी बाळ परत आलं तेव्हा गाठ वाढलेली होती. मी डोस वाढवला. पुढच्या खेपेला आईने दुपटं उलगडलं तर आत रक्ताचा लोळ. वरची कातडी फाटून गाठ वाहत होती. त्या रात्री बायोप्सी झाली आणि तीत इन्फंटाइल फायब्रोसार्कोमा निघाला. बाळ वाचलं, पायही राहिला, पण ते तीन आठवडे मी वाया घालवले होते.

तेव्हा लक्षात यायला हवी होती ती गोष्ट साधी आहे. नेहमीचा हिमँजिओमा जन्मतः पूर्ण वाढलेला नसतो. जन्माच्या वेळी तिथे फार तर फिकट डाग किंवा लाल ठिपका असतो, गाठ पुढच्या काही आठवड्यांत वर येते. जन्मतःच मोठी गाठ असलेला एक वेगळा प्रकार आहे, पण तो जन्मानंतर वाढत नाही, एक तर ओसरतो किंवा आहे तसाच राहतो. म्हणजे जन्मतः मोठी, हाताला घट्ट, खालच्या थरांना धरलेली आणि त्यानंतरही वाढतच चाललेली गाठ दिसली, तर रंग कितीही निळा-जांभळा असो, तुकडा काढल्याशिवाय तिला रक्तवाहिन्यांची गाठ म्हणू नये. तुमच्या नातीची गाठ १९ दिवसांत ४ वरून ७ झाली, म्हणजे सुई घालणाऱ्या दुसऱ्या डॉक्टरांनी अगदी बरोबर केलं.

एक अपवाद मात्र दर वेळी डोक्यात ठेवावा लागतो. कापोसिफॉर्म हिमँजिओएन्डोथेलिओमा नावाची खरोखरच रक्तवाहिन्यांची एक गाठ असते, ती प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवायला मदत करणाऱ्या पेशी, गिळते. कासाबाक आणि मेरिट यांनी १९४० मध्ये वर्णन केलेला प्रकार तो हाच. तिथे प्लेटलेट काही हजारांवर येतात, गोठण्याची सगळी घडी विस्कटते आणि बायोप्सीच जिवावर बेतू शकते. तिचं औषध वेगळं आहे, बहुतेकदा सिरोलिमस आणि स्टिरॉइड. म्हणून सुई घालण्याआधी प्लेटलेट, फायब्रिनोजेन आणि गोठण्याच्या चाचण्या झाल्याच पाहिजेत. नातीच्या फायलीत ते आकडे असतील, नसतील तर आजच रक्त द्या. मोठा फायब्रोसार्कोमाही असाच गोठण्याचा घोळ घालू शकतो, त्यामुळे आकडे बिघडलेले असले म्हणून लगेच निदान चुकलं असंही समजू नका.

आता रिपोर्टातल्या 'शक्यता' या शब्दाकडे येऊ. तो खोडून तिथे पक्कं नाव लिहिलं जाईपर्यंत मोठं ऑपरेशन करू देऊ नका, हा माझा आग्रह आहे. हिमोग्लोबिन घसरलं, रक्तस्राव झाला, तर गोष्ट निराळी.

पक्कं कसं करायचं? व्हँकुव्हरच्या संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवून दिलं की या गाठीत ईटीव्ही६ आणि एनटीआरके३ ही दोन जनुकं जोडलेली असतात. इतकी वर्षं ते कुणाला दिसलं नव्हतं, कारण अदलाबदल होणारे दोन तुकडे आकाराने आणि पट्ट्यांच्या रचनेने इतके सारखे आहेत की साध्या गुणसूत्र-तपासणीत, म्हणजे कॅरिओटाइपमध्ये, काही घडलंय असं जाणवतच नाही. म्हणून 'कॅरिओटाइप नॉर्मल' हा रिपोर्ट इथे कुचकामी. लागते ती फिश नावाची तपासणी किंवा आरएनएवरून जोड-जनुकं शोधणारी चाचणी. तिचं उत्तर यायला बरेच दिवस लागतात. दरम्यान पॅन-टीआरके नावाचा एक रंग त्याच तुकड्यावर लावता येतो आणि त्याचं उत्तर एकदोन दिवसांत मिळतं. हा जोड असेल तर पेशीचं केंद्रक रंगतं. एवढ्यावर निदान पूर्ण होत नाही, पण कुठल्या दिशेने जायचं ते कळतं. गंमत म्हणजे तान्ह्या बाळांच्या मूत्रपिंडात होणाऱ्या एका गाठीत, सेल्युलर मेसोब्लास्टिक नेफ्रोमात, हेच दोन जनुकांचं लग्न सापडतं. जागा दोन, मूळ एक.

आणि जोड सापडला नाही तर? तर कोडं खुलं राहतं आणि मग दोन-तीन नावं समोर येतात.

सगळ्यात धाक असतो तो ऱ्हॅबडॉइड ट्यूमरचा. बावीसाव्या गुणसूत्रावरचं एसएमएआरसीबी१ हे जनुक हरवलं की ही गाठ होते. तिथे आयएनआय१ नावाचा रंग उलटा वाचायचा : रंग चढला नाही, म्हणजे वाईट. ही गाठ फायब्रोसार्कोमासारखी समंजस नाही. पसरते, औषधांना दाद देत नाही. आणि इथे मात्र वंशाचा प्रश्न येतो. सुमारे तिसऱ्या हिश्श्याच्या मुलांत हा दोष शरीरातल्या सगळ्याच पेशींत असतो, म्हणून बाळाचं आणि आईवडिलांचं रक्त तपासावं लागतं, मेंदूचा एमआरआय करावा लागतो. दुसरा ऱ्हॅबडोमायोसार्कोमा, स्नायूंच्या पेशींचा. त्याच्या पोटात इतके प्रकार आहेत की नुसतं नाव ऐकून काही ठरवू नये. तान्ह्या बाळातला लांबट पेशींचा, व्हीजीएलएल२ किंवा एनसीओए२ या जनुकांच्या जोडाचा प्रकार बराच सौम्य असतो. पीएएक्स३-एफओएक्सओ१ जोड असलेला प्रकार मुळीच सौम्य नाही. मायोफायब्रोमा ही घातक नसलेली गाठ, कधी एकटी तर कधी अंगभर अनेक, पुष्कळदा आपोआप ओसरते. मात्र ती फुप्फुसांत किंवा आतड्यांत असेल तर जपावं लागतं. मानेच्या स्नायूतली गाठ, चरबीच्या गाठी, कठीण बाळंतपणानंतर पाठीवर येणारे चरबीचे कडक पट्टे, ही मंडळीही वाटेत भेटतात. त्यांवर वेळ घालवत नाही, तुमच्या नातीच्या वर्णनाशी त्यांचं जुळत नाही.

तुम्ही करायचं काम एकच : पॅथॉलॉजी विभागातून तो तुकडा ज्यात जपून ठेवलाय तो मेणाचा ब्लॉक आणि त्याच्या न रंगवलेल्या काचा मागून घ्या. तो तुकडा बाळाचा आहे, तो मागण्यात संकोच वाटून घेऊ नका. लहान मुलांच्या गाठी रोज बघणाऱ्या पॅथॉलॉजिस्टकडे तो पोचायला हवा. ही गाठ इतकी दुर्मीळ आहे की चांगल्या, मोठ्या पॅथॉलॉजिस्टच्याही नजरेखालून आयुष्यात चारदोनच गेलेल्या असतात. हे सांगण्यात त्यांचा अपमान नाही, मी स्वतः शंका आली की काचा घेऊन दुसऱ्याच्या दारात उभा राहतो.

आता निदान पक्कं झालं असं धरून पुढे जाऊ.

गाठ लहान असेल आणि हातपाय न बिघडवता, महत्त्वाची शीर किंवा नस न तोडता निघण्यासारखी असेल, तर काढावी. कडेला सूक्ष्म पेशी राहिल्या तरी पुष्कळदा पुढे काहीही न देता नुसतं लक्ष ठेवता येतं. मोठ्या माणसांच्या सार्कोमावर उपचार करणाऱ्यांना हे ऐकून घाम फुटतो. नातीची गाठ मांडीच्या मागे आहे, सात सेंटिमीटरची आहे, तिथून सायटिक नस, पायाची सगळ्यात मोठी नस, जाते. म्हणजे सरळ काढणं बहुधा जमणार नाही. मग आधी औषधाने गाठ लहान करायची आणि मग बघायचं.

जुनी, भरवशाची जोडी म्हणजे व्हिन्क्रिस्टीन आणि ॲक्टिनोमायसिन-डी. युरोपातल्या गटाने २०१६ मध्ये ५० बाळांचा अनुभव मांडला. गाठ शिल्लक असलेल्यांना आधी हीच दोन औषधं दिली. दहातल्या साधारण सात बाळांत गाठ आटली. तीन वर्षांनंतर ९४ टक्के बाळं हयात होती आणि अवयव गमवावा लागेल असं ऑपरेशन मोजक्याच बाळांवर करावं लागलं. हृदयाला त्रास देणारी आणि पुढे वंध्यत्वाची भीती असलेली औषधं त्यांनी जमेल तेवढी लांब ठेवली. किरणोपचार या वयात शक्यतो नाहीतच. वाढत्या हाडावर किरण पडले की ते हाड तिथेच अडखळतं.

औषध कोणतं, याच्याइतकंच ते किती, हे महत्त्वाचं. एक हिशेब करून दाखवतो, त्यावरून विचारायचा प्रश्न कळेल. व्हिन्क्रिस्टीनचा मोठ्या मुलांचा डोस शरीराच्या पृष्ठभागावर ठरतो, दर चौरस मीटरला १.५ मिलिग्रॅम. साडेतीन किलोच्या बाळाचा पृष्ठभाग साधारण ०.२२ चौरस मीटर, म्हणजे डोस झाला ०.३३ मिलिग्रॅम. पण तान्ह्या बाळांत आम्ही किलोवर मोजतो : तोच आकडा ३० ने भागायचा, दर किलोला ०.०५ मिलिग्रॅम, म्हणजे एकूण ०.१७५. जवळजवळ निम्मा. अगदी नवजात बाळात त्याहूनही कमी करून सुरुवात करतात. कारण बाळ छोटं असलं तरी त्याची कातडी वजनाच्या मानाने पुष्कळ असते आणि औषध निचरा करणारं यकृत अजून कच्चं असतं. चुकून मोठ्यांच्या सूत्राने डोस गेला तर पापणी ढळते, रडण्याचा आवाज घोगरा होतो, शौच अडतं, दूध ओढण्याची ताकद जाते. म्हणून पहिल्या डोसआधी डॉक्टरांना सरळ विचारा : 'डोस किलोवर काढलाय ना?' चांगला डॉक्टर या प्रश्नाने चिडत नाही. ॲक्टिनोमायसिनच्या बाबतीत यकृतावर नजर ठेवावी लागते : पोट फुगणं, वजन एकदम वाढणं, कावीळ. आणि ही दोन्ही औषधं शिरेबाहेर सांडली तर मांस जाळतात, म्हणून हाताच्या बारीक शिरेतून नव्हे, मोठ्या शिरेत नेलेल्या नळीतूनच द्यायची.

दुसरा रस्ता नवा आहे. मघाशी म्हटलं ते चालू राहिलेलं बटण बंद करणारं औषध निघालं, लॅरोट्रेक्टिनिब. अमेरिकेत त्याला नोव्हेंबर २०१८ मध्ये मान्यता मिळाली आणि तीही वेगळ्या रीतीने : कर्करोग कुठल्या अवयवाचा यावर नाही, तर एनटीआरके जोड आहे की नाही यावर. ते तोंडाने द्यायच्या पातळ औषधाच्या रूपात मिळतं, त्यामुळे तान्ह्या बाळाला पाजता येतं. या गाठीत त्याचा गुण फार चांगला येतो, दहातल्या नऊहून अधिक बाळांत गाठ लक्षणीय लहान होते, आणि तीही झटकन. मी पहिल्यांदा ते दिलं तेव्हा परिचारिका रोज मांडीचा घेर मोजून तक्त्यात लिहीत होत्या. चौथ्या दिवशी आकडा खाली आला. मी फीत हातात घेऊन स्वतः पुन्हा मोजलं, कारण विश्वास बसेना.

मग सगळ्यांना तेच का नाही? एक तर ते महाग आणि सगळीकडे न मिळणारं. दुसरं, जोड सिद्ध झाल्याशिवाय त्याला अर्थ नाही. तिसरं, ते किती दिवस चालू ठेवायचं यावर डॉक्टरांत एकमत नाही. थांबवलं की काही बाळांत गाठ पुन्हा डोकं वर काढते, बहुतेकदा परत सुरू केल्यावर आटतेही, पण कधी गाठ औषधाला चकवा देणारा बदल शिकते. आणि वाढत्या मेंदूत, नसांत हीच यंत्रणा काम करत असते, म्हणून तान्ह्या वयात वर्षानुवर्षं ती दाबून ठेवायला मन धजत नाही. माझा कल असा : गाठ वाहत असेल, श्वासावर किंवा पायाच्या रक्तपुरवठ्यावर दाब असेल, किंवा जुनी जोडी हरली असेल, तर हे औषध आधी. गाठ शांत असेल, बाळ दूध पीत असेल, तर व्हिन्क्रिस्टीनने सुरुवात करायला हरकत नाही. यावर माझ्याशी भांडणारे सहकारी आहेत आणि त्यांचंही म्हणणं खोटं नाही.

वेळ किती आहे, हा तुमचा शेवटचा प्रश्न. गाठ पसरेल म्हणून नव्हे, ती फुटेल म्हणून घड्याळ बघायचं. साडेतीन किलोच्या बाळाच्या अंगात सगळं मिळून सुमारे ३०० मिलिलिटर रक्त असतं, चहाच्या दोन-तीन कपांएवढं. त्यातलं ५०-६० गेलं म्हणजे पाचवा हिस्सा गेला. दुपट्यात ते किती दिसतं, हे बघितल्याशिवाय कळत नाही. म्हणून गाठीवरची कातडी चकाकायला लागली, पातळ झाली, एखादा काळसर ठिपका उमटला, तर अपॉइंटमेंटची वाट न बघता निघा. वाटेत रक्त आलं तर स्वच्छ कापड दाबून धरा, पुन्हापुन्हा उचलून बघू नका. बाळाची नखं कापून ठेवा. त्या मांडीत इंजेक्शन किंवा लस कुणाला देऊ देऊ नका. पाय गार पडला, फिका वाटला, बोटं हलवेनाशी झाली, तरीही तेच : लगेच निघायचं.

उरलेल्या बारीक गोष्टी. अंगावरचं दूध चालू ठेवा, त्याने काही बिघडत नाही आणि सुनेलाही बरं वाटेल. केमो चालू झाली की जिवंत जंतूंच्या लसी, म्हणजे बीसीजी, तोंडाने द्यायची पोलिओ आणि रोटाव्हायरसची, डॉक्टरांना विचारल्याशिवाय द्यायच्या नाहीत. मृत जंतूंच्या लसी केव्हा द्यायच्या ते तेच सांगतील. एमआरआयसाठी भूल द्यावीच लागेल असं नाही. या वयाच्या बाळाला मशीनच्या आधी पोटभर पाजून, कानात कापूस घालून, घट्ट गुंडाळलं की बहुतेक वेळा ते गाढ झोपतं आणि चित्रं नीट येतात. तशी सोय आहे का, विचारा. छातीचा सीटी स्कॅन मागतील, तो करून घ्या.

सर्जनना परत भेटाल तेव्हा वाद घालू नका. एवढंच म्हणा : 'जोड-जनुकाचा रिपोर्ट येईपर्यंत आणि लहान मुलांच्या कर्करोगतज्ज्ञाने बघेपर्यंत थांबू या.' बाळाचे प्लेटलेट आणि हिमोग्लोबिन किती आहेत, पॅन-टीआरके लावलाय का आणि एमआरआयमध्ये गाठ मांडीच्या मोठ्या रक्तवाहिनीला नुसती टेकलीय की तिला वेढून बसलीय, हे तीन तपशील कळले की मला पुन्हा लिहा. त्याशिवाय यापुढचं सांगणं म्हणजे अंधारात दगड.